निळी-पांढरी जुनी चिनी माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळा आवरताना जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली निळ्या नक्षीची ताटली हाती लागते आणि घरात प्रश्न सुरू होतात. खरी जुनी आहे का? किती जुनी? वापरायची की कपाटात ठेवायची? गेली बरीच वर्षं मी ही भांडी हाताळते आहे आणि लोक मला हेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मुख्य भर चीनमधल्या जिंगदेझेन या शहरातल्या भांड्यांवर आहे, कारण हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, जपान सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं ते तिथलंच काम.

वाचायला लागण्याआधी एक करा. तुमच्याकडची ताटली पलंगावर किंवा जाड टॉवेलावर पालथी घाला. पुढचं बरंचसं तिच्या बुडाबद्दलच आहे.

चिनी माती म्हणजे पोर्सिलेनच ना?

नेहमीच नाही. मराठीत आपण लोणच्याची बरणी, चहाचा कप, विजेच्या खांबावरची पांढरी चिमणी (इन्सुलेटर), सगळ्यालाच चिनी मातीचं म्हणतो. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाला ते नाव पडलं तेही त्याच्यावरच्या झिलईदार फरशांमुळे. पण लोणच्याची बरणी जाड, आतून करड्या-पिवळट मातीची असते आणि प्रकाश तिच्यातून जात नाही. पोर्सिलेन वेगळं.

ते दोन गोष्टींपासून होतं. एक म्हणजे केओलिन ही पांढरी माती. हे नावच जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग गावावरून आलं. दुसरी गोष्ट म्हणजे कुटून बारीक केलेला एक मऊसर दगड. हे मिश्रण साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजलं की दगड वितळून काचेसारखा होतो, केओलिन आकार धरून ठेवते आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून पातळ पोर्सिलेनची ताटली दिव्यासमोर धरून मागे बोटं हलवली, तर बोटांची सावली पुढून दिसते. नखाने हलकी टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. माठ घेताना आपण जसा वाजवून बघतो, तसंच. आवाज बद्द आला तर एक तर ते पोर्सिलेन नाही, किंवा कुठेतरी केसासारखा तडा आहे.

निळाच रंग का?

कारण इतक्या आचेत टिकणारे रंग फार थोडे आहेत आणि कोबाल्ट त्यांतला सगळ्यात भरवशाचा. बाकीचे बहुतेक रंग झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या वर, दुसऱ्यांदा कमी आचेवर भाजून बसवावे लागतात आणि वापराने झिजतात. कोबाल्टची निळाई मात्र झिलईच्या खाली असते. चारशे वर्षं घासली तरी ती जात नाही.

हे काम कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. भांडं चाकावर घडवून वाळवतात आणि कच्च्या, न भाजलेल्या मातीवरच कुंचल्याने रंगवतात. कच्ची माती टीपकागदासारखी पाणी शोषते. कुंचला टेकला की रेघ उमटली, मग ती पुसता येत नाही. शिवाय रंगवताना निळं काही दिसतच नाही. कोबाल्टचा लेप काळपट करडा दिसतो. त्यावर पारदर्शक झिलईचा थर द्यायचा, भांडं मातीच्या डब्यात बंद करून भट्टीत ठेवायचं, आणि बाहेर येईल तेव्हा निळं. म्हणजे कारागीर निळा रंग मनात धरून काळ्याने चित्र काढत असतो. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी नव्याने थक्क करते.

चौदाव्या शतकात, युआन राजवटीत, उत्तम कोबाल्ट इराणहून यायचा. त्यात लोह जास्त, त्यामुळे रंग जिथे साचतो तिथे जवळजवळ काळे, किंचित दबलेले ठिपके दिसतात. या काळाचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली डेव्हिड फुलदाण्यांची जोडी. देवळाला अर्पण केल्याचा मजकूर त्यांच्या मानेवरच लिहिलेला आहे आणि त्यातलं वर्ष १३५१ येतं. दिल्लीत तुघलकांच्या महालाच्या जागी याच काळातल्या निळ्या-पांढऱ्या ताटल्या-वाडग्यांचे तुकडे सापडले. सुलतानाच्या जेवणात ही भांडी होती, आणि तीही त्या काळी, जेव्हा युरोपात पोर्सिलेन कसं करतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

एकच माणूस पूर्ण ताटली रंगवायचा का?

नाही. फ्रेंच जेझुइट पाद्री द'आंत्रकोल याने १७१२ आणि १७२२ साली जिंगदेझेनमधून लांबलचक पत्रं लिहिली. त्यांत तो सांगतो की एक भांडं तयार होईपर्यंत सत्तर हातांतून जातं. एक जण काठाचं फक्त वर्तुळ ओढणार, दुसरा फुलांच्या बाह्यरेषा, तिसरा त्यांत रंग भरणार. बाह्यरेषा गडद आणि आतला भराव पाण्यासारखा फिका, कधी रेषेबाहेर किंचित ओघळलेला दिसला, तर हे दोन हात वेगळे ओळखू येतात.

ताटली किती जुनी आहे हे कसं ओळखायचं?

चित्रावरून सुरुवात करू नका. ड्रॅगन, कमळ, देवदार, हरणं हे सगळं सहाशे वर्षं पुन्हापुन्हा काढलं गेलं आहे आणि आजही काढतात. क्रम असा ठेवा: आधी माती, मग झिलई, मग निळा रंग, मग चित्र आणि अगदी शेवटी शिक्का.

माती दिसते ती बुडाच्या कडेला, जिथे झिलई पुसलेली असते. तिथे बोट फिरवा. जुन्या कामात ती कडा रेशमासारखी गुळगुळीत, किंवा सोळाव्या-सतराव्या शतकातल्या निर्यातीच्या मालात भट्टीतली वाळू चिकटून खरखरीत लागते. झिलई संपते त्या रेषेवर मातीला बऱ्याचदा नारिंगीसर छटा येते, कारण भट्टीत मातीतलं लोह पृष्ठभागावर येतं. नकली मालात हीच छटा तपकिरी रंग फासून आणतात. ती सगळीकडे एकसारखी असते आणि ओल्या कापसाला कधीकधी लागते.

झिलई बघताना भिंग घ्या, दहा पट मोठं दाखवणारं पुरतं. झिलईत बारीक बुडबुडे दिसतील. पृष्ठभागावर शंभर-दोनशे वर्षांच्या वापराचे ओरखडे असतील, पण ते आडवेतिडवे, कमी-जास्त खोल असायला हवेत. सगळे एकाच दिशेने, एकाच खोलीचे असले तर पॉलिश पेपर फिरला आहे असं समजा. मिंग राजवटीच्या शेवटच्या वर्षांतल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या भांड्यांच्या काठावर झिलई ठिकठिकाणी उडालेली असते, किडीने खाल्ल्यासारखी. जपानी लोक तिला तेच म्हणतात आणि त्यातच सौंदर्य बघतात.

निळा रंग वरवर एकसारखा, सपाट आणि झगझगीत असेल तर शंका घ्या. हाताच्या कुंचल्याची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी बारीक होते.

मागे सहा चिनी अक्षरं आहेत. कुणीतरी वाचून ‘मिंग’ सांगितलं. म्हणजे मिंगच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं द्यावं लागतं.

अक्षरं दोन ओळींत, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. पहिलं ‘महान’, दुसरं राजवटीचं नाव, पुढची दोन सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव, मग ‘वर्ष’ आणि ‘बनवलं’. पण खांगशी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२ मध्ये, कारागीर सर्रास दोनशे वर्षं आधीच्या श्वानद किंवा छंगह्वा कारकिर्दीचा शिक्का घालत. कधी जुन्या कामाबद्दलच्या आदराने, कधी चांगला भाव यावा म्हणून. शिवाय काही काळ चालू सम्राटाचं नाव भांड्यावर घालायला खासगी भट्ट्यांना मनाईही होती. एकोणिसाव्या शतकात पुन्हा खांगशीचा शिक्का घालायची लाट आली. म्हणजे शिक्का एवढंच सांगतो की भांडं त्या सम्राटाच्या आधीचं नाही.

मागे इंग्रजीत ‘चायना’ लिहिलं आहे.

मग ते बहुधा १८९१ नंतरचं. त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं असा कायदा लागू केला. ‘मेड इन चायना’ असेल तर विसावं शतक धरा.

मागे काहीच नाही. म्हणजे नकली?

नाही. निर्यातीच्या मालावर बहुतेक वेळा शिक्का नसायचाच. कधी दोन निळी वर्तुळं आणि मध्ये काहीच नाही, कधी एखादं पान.

‘क्राक’ म्हणजे काय? गोव्याशी त्याचा संबंध कसा?

वान्ली सम्राटाच्या कारकिर्दीत, १५७३ ते १६२०, युरोपच्या बाजारासाठी एक विशिष्ट घाट तयार झाला. पातळ, हलकी ताटली; मध्यभागी पक्षी, हरिण किंवा तळ्याकाठची फुलं; आणि काठाभोवती चक्राच्या आऱ्यांसारखे कप्पे, प्रत्येकात एक फूल किंवा शुभचिन्ह. तेच क्राक. हे नाव पोर्तुगीजांच्या ‘करॅक’ जातीच्या मोठ्या जहाजांवरून पडलं असं सहसा मानतात. पोर्तुगीज १५५७च्या सुमारास मकावला स्थिरावले आणि मकाव, मलाक्का, गोवा, लिस्बन अशी त्यांची वाट पडली. गोवा हे या वाटेवरचं मोठं ठाणं होतं. त्यामुळे जुन्या गोव्यातल्या उत्खननांत चिनी पोर्सिलेनचे तुकडे निघतात यात नवल नाही.

१६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यावरचं सुमारे एक लाख नगांचं पोर्सिलेन ॲम्स्टरडॅमला लिलावात विकलं गेलं आणि उत्तर युरोपाला या भांड्यांचं वेडच लागलं. पुढे डच चित्रकारांच्या चित्रांत लिंबू, शिंपले आणि द्राक्षांशेजारी जी निळी ताटली कलंडलेली दिसते, ती बहुतेक वेळा हीच.

क्राकची ताटली पालथी केली तर बुडाशी मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक खरवडल्यासारख्या रेघा दिसतात. चाकावर हत्याराने माती तासताना त्या उठतात.

आमच्याकडच्या ताटलीवर पूल, तीन माणसं, झाड आणि वर दोन पक्षी आहेत. ही चिनी का?

इंग्रजी. हा विलो पॅटर्न. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात चिनी चित्रांचे तुकडे जुळवून तो तयार झाला आणि आजवर थांबलेला नाही. पळून जाणारे प्रेमी शेवटी पक्षी होतात ही गोष्टही इंग्लंडमध्येच रचलेली. चिनी लोककथेत तिचा पत्ता नाही. भारतातल्या जुन्या घरांत निळं-पांढरं म्हणून जे निघतं त्यात हा माल खूप असतो. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

ही भांडी बहुतेक पोर्सिलेनची नसतात, पांढऱ्या भाजक्या मातीची असतात, आणि चित्र हाताने काढलेलं नसतं. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर छापायचं आणि तो कागद भांड्यावर दाबून चित्र उतरवायचं. काठाची नक्षी नीट बघत फिरा. कुठेतरी एका जागी कागदाचे दोन टोकं जुळत नाहीत, फूल अर्धंच राहतं किंवा रेघ तुटते. तो जोड सापडला की छापील काम नक्की. पाठीमागे तीन छोटे खडबडीत ठिपके असतील, तर ते भट्टीत ताटली ज्या टेकूंवर ठेवली त्यांचे.

डेल्फ्ट आणि ‘कांद्याची नक्षी’?

डेल्फ्ट हे हॉलंडमधलं गाव. सतराव्या शतकाच्या मध्यावर मिंग राजवट कोसळली, चीनमधून माल यायचा कमी झाला आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी ती जागा भरून काढली. पण त्यांच्याकडे केओलिन नव्हती. त्यांनी साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई देऊन वरून निळं रंगवलं. टवका उडालेला असेल तर आत पिवळसर, सच्छिद्र माती दिसते. पोर्सिलेनचा टवका शंखासारखा पांढरा आणि चमकदार असतो.

कांद्याची नक्षी जर्मनीतल्या मायसेनची. युरोपात खरं पोर्सिलेन पहिल्यांदा तिथे जमलं आणि १७१०मध्ये कारखाना उभा राहिला. नक्षी १७४०च्या आसपासची. तिच्यात कांदे नाहीत. चिनी डाळिंबं आणि पीच यांचीच ती जर्मन रूपं. नक्कल इतकी झाली की १८८८च्या सुमारास मायसेनने आपल्या दोन तलवारींची खूण ताटलीच्या दर्शनी बाजूला, बांबूच्या बुंध्याशी घालायला सुरुवात केली.

बुडालेल्या जहाजातली म्हणून विकतात ती खरी असतात का?

काही नक्कीच. सगळ्यात गाजलेलं म्हणजे ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज. १७५२च्या जानेवारीत दक्षिण चीन समुद्रात बुडालं, १९८५मध्ये बुडालेली जहाजं शोधणाऱ्या मायकेल हॅचरने त्यातला माल काढला आणि १९८६मध्ये ॲम्स्टरडॅमला क्रिस्टीज या लिलाव कंपनीने दीड लाखांच्या आसपास नग विकले. त्या जहाजावर खरा मोलाचा माल चहा होता. पोर्सिलेन तळाशी रचलेलं, कारण पाणी लागून ते बिघडत नाही. चहा गेला आणि भांडी राहिली. त्यानंतर १८२२मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’ या चिनी जहाजातली साडेतीन लाख भांडी २०००मध्ये जर्मनीत विकली गेली.

समुद्रात राहिलेल्या भांड्याची झिलई बऱ्याचदा मंद, चकाकी गेलेली असते. लिलावाचं मूळ लेबल चिकटलेलं असेल तर ते काढू नका, तो दाखलाच आहे. एक मात्र सांगावंसं वाटतं: हॅचरने ज्या पद्धतीने माल काढला त्यात जहाजाच्या अवशेषांची शास्त्रीय नोंद झाली नाही, आणि पुरातत्त्वज्ञांचा त्यावरचा राग मला पटतो. कुठली पेटी कुठे होती, खलाशांची भांडी कुठली आणि विक्रीची कुठली, हे आता कधीच कळणार नाही.

ताटलीच्या पाठीमागे तारेच्या छोट्या कड्या आहेत. त्या काढून टाकू का?

काढू नका. ते जुने टाके आहेत. चांगला डिंक नव्हता तेव्हा फुटलेली ताटली अशी शिवायचे. हिऱ्याची कणी बसवलेल्या छोट्या गिरमिटाने तड्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या जाडीपर्यंत भोकं पाडायची आणि तापवलेली पितळी किंवा लोखंडी कडी त्यांत बसवायची. कडी थंड होऊन आवळते आणि दोन तुकडे घट्ट धरते. भोक आरपार जात नाही, म्हणून पुढून काहीच दिसत नाही.

माझ्याकडची पहिली ताटली अशीच होती. एका नातलगाकडे ती फोडणीच्या डब्यावर झाकण म्हणून वापरात होती. खांगशी काळातली, मध्ये शेवंतीचं झुडूप, आणि मागे सात टाके, एका ओळीत, सारख्या अंतरावर. कुणीतरी ती फुटल्यावर टाकून न देता कारागिराकडे नेली होती. मी टाके तसेच ठेवले आहेत.

या भांड्यांत जेवलं तर चालतं का?

चिनी पोर्सिलेनची जास्त आचेवरची झिलई शिशाशिवाय होते. भांडं धड असेल, तडा किंवा दुरुस्ती नसेल आणि सगळं चित्र झिलईखालचं निळंच असेल, तर अधूनमधून कोरडा फराळ द्यायला मला काही गैर वाटत नाही. लाल, हिरवा, सोनेरी रंग वर चढवलेला असेल तर नको. जुन्या इंग्रजी आणि डेल्फ्टच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असतं. त्यांत सोलकढी, चिंचेची आमटी, लोणचं, लिंबू पिळलेलं काहीही ठेवू नका. आंबटाने शिसं सुटतं. मायक्रोवेव्हमध्ये यातलं काहीच नको.

हळदीचा डाग पडला आहे.

पोर्सिलेनवर तो राहत नाही. राहिला असेल तर झिलईला बारीक तडे आहेत आणि रंग त्यांतून आत मातीत उतरला आहे. ब्लीच मुळीच वापरू नका, त्याचे क्षार आत राहून पुढे झिलई उचलतात. भांडं साध्या पाण्यात भिजवून काढा आणि उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो हे पांढऱ्या सदऱ्यावरून आपल्याला माहीत आहेच. चिकटवलेलं भांडं मात्र भिजवू नका.

धुवायचं, ठेवायचं कसं?

प्लास्टिकच्या टबात, कोमट पाण्यात, एका वेळी एक. अंगठ्या-बांगड्या काढून. नळाखाली धरू नका, बहुतेक टवके नळाच्या तोंडावर आपटूनच उडतात. रचताना प्रत्येक ताटलीमध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा. कप कानाला धरून उचलू नका. भिंतीवर लावायची स्प्रिंगची तार आवळ बसणारी घेऊ नका आणि पावसाळ्यानंतर ती गंजली आहे का बघा.

फुटलं तर फेव्हिक्विक लावू का?

नका लावू. सगळे तुकडे, अगदी भुगासुद्धा, वेगवेगळे गुंडाळून एका डब्यात ठेवा आणि जाणत्या माणसाकडे न्या.

दुरुस्ती लपवली आहे हे कसं कळेल?

अंधारात अतिनील टॉर्च मारा. मागाहून लावलेला रंग आणि गोंद मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. टॉर्च नसेल तर ताटली गालाला लावून बघा. पोर्सिलेन गार लागतं, रंगाचा थर त्या मानाने कोमट.

परदेशात मुलीकडे पाठवता येईल?

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्या, विमानतळावर वाद नको.

चांगली भांडी कुठे बघायला मिळतील?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेलं चिनी-जपानी काम आहे. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा चीनमधल्या कँटन बंदराशी मोठा व्यापार होता, त्यामुळे या शहरात चिनी पोर्सिलेन नवखं नव्हतं. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आहे. गोव्यात चांदरला ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात ही भांडी घरातल्या जागी, कपाटांत मांडलेली दिसतात. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जरूर फिरा, पण पहिल्या काही खेपांना फक्त हात लावून बघायला जा. खिशात पैसे नेऊ नका.

जाणकाराला फोटो पाठवायचे आहेत. कसे काढू?

दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता. एक समोरून सरळ. एक पूर्ण पालथं घालून. एक बुडाच्या कडेचा अगदी जवळून, झिलई जिथे संपते ती रेषा स्पष्ट दिसेल असा. एक बाजूने, म्हणजे खोली कळेल. टवके आणि तडे असतील तर त्यांचे वेगळे. शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि फोटो काढण्याआधी बुडाची कडा घासू नका. तिथे बसलेली धूळ आणि वाळूचे कण जाणकाराला बघायचे असतात.